जोगलटेंभीचे राजधन

४ नोव्हेंबर १९२२ रोजी इजिप्तमधील राजांच्या दरीत हॉवर्ड कार्टर यांच्या मजुरांना खडकात कोरलेली एक पायरी लागली, आणि तिच्यामागोमाग तूतांखामेन या अल्पवयात निवर्तलेल्या राजाची जवळजवळ अक्षुण्ण कबर उजेडात आली, ही हकीकत आपल्याकडील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच्या सोळा वर्षे आधी, म्हणजे १९०६ साली, दारणा व गोदावरी यांच्या संगमावरील जोगलटेंभी या सिन्नर तालुक्यातील खेड्यात एका राजाचे आणि त्याला जिंकणाऱ्या दुसऱ्या राजाचे असे दुहेरी धन जमिनीतून वर आले, याचे स्मरण नाशिकमध्येही फार थोड्यांना असावे, ही गोष्ट मला खरोखर दुःखद वाटते.

इजिप्तच्या राजाने आपले वैभव मृत्यूनंतरच्या प्रवासासाठी स्वतःबरोबर बंद करून घेतले. सर्वांत आतली शवपेटी सुमारे ११० किलो सोन्याची, मुखवटा सुमारे १० किलोंचा, आणि भोवती रथ, पलंग, धनुष्ये, सुगंधी तेलांच्या कुप्या अशा ५,००० हून अधिक वस्तू. आमच्या राजांचे देह अग्नीच्या स्वाधीन होत असल्यामुळे असा ठेवा येथे संभवतच नव्हता. त्यांचे धन बाजारात, सावकारीत, दानधर्मात आणि लष्कराच्या पगारात फिरत राही, व त्याचा इतिहासही त्या फिरण्यातच लिहिला जाई. जोगलटेंभीची १३,२५० हून अधिक चांदीची नाणी याच जातीची आहेत.

ती सारी मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची. एक नाणे तळहातावर घेतले तर ते बोटाच्या पेराएवढे, वजनाने दोन ग्रॅमच्या आसपास भरते. एका बाजूस राजाचा उजवीकडे वळलेला चेहरा आणि त्याच्या कडेने ग्रीक लिपीतील, नक्कल करता करता बिघडत गेलेली अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, व त्यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी या दोन लिप्यांत राजाचे नाव. एका इवल्याशा चकतीवर तीन लिप्या! ज्याच्या राज्यात भडोचच्या बंदरातील परदेशी व्यापारी, वायव्येकडून आलेले सरदार आणि नाशिकजवळील गोवर्धनाचे विणकर एकाच चलनात व्यवहार करीत होते, त्या राजाला तिन्हींची गरज पडली, यात नवल नाही.

या चांदीचा माग काढू गेल्यास पुन्हा इजिप्तचीच वाट धरावी लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तेथील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या व अरबी समुद्रातील बंदरांचे जे मार्गदर्शक टिपण लिहिले, त्यात भडोचच्या प्रदेशाचा जो राजा उल्लेखिला आहे तो नहपानच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या राजासाठी रुप्याची मूल्यवान भांडी आणि उंची मद्य न्यावे, रोमन सोन्यारुप्याची नाणी येथे नफ्याने बदलून मिळतात, असा व्यवहारी सल्ला तो व्यापारी देतो. परदेशातून आलेली ही चांदी वितळवूनच नहपानाची टांकसाळ चालत असावी, हे अनुमान म्हणूनच सयुक्तिक ठरते. उलट दिशेचा पुरावाही अलीकडे मिळाला आहे: इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदराच्या उत्खननात बुद्धमूर्तीबरोबरच दुसऱ्या शतकातील दोन सातवाहन नाणी सापडल्याचे २०२३ साली जाहीर झाले.

परंतु जोगलटेंभीचे खरे रहस्य याही पलीकडे आहे. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा संचय तपासून जी मोजदाद केली, तीत ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आढळला. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत, दुसऱ्या बाजूस चार टोकांना चार वर्तुळे असलेले उज्जयिनी चिन्ह, आणि सभोवार विजेत्याचे नाव. नाणी वितळवून नवी पाडण्याचा खटाटोप त्याने केला नाही. घणाच्या एका घावात सत्तांतर झाले. घाव पुरता बसला नाही तेथे पर्वताच्या रेषांखालून नहपानाचे नाक किंवा ग्रीक अक्षराचा तुकडा आजही डोकावतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत पुत्राचे वर्णन क्षहरात वंशाचा समूळ उच्छेद करणारा असे कोरवून घेतले आहे. मातेच्या वात्सल्यातून आलेली ही अतिशयोक्ती, असे कोणी म्हटले असते. पण नऊ हजार नाण्यांनी तिची साक्ष दिली आहे.

ही साक्ष एकेका नाण्याची नव्हे, समूहाची आहे, हे मला विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे. ठसा मारलेली किती, न मारलेली किती, कोणत्या साच्याची किती, हे प्रमाण संचय एकत्र असेपर्यंतच बोलते. कार्टर यांनी दहा वर्षे खर्चून प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला, हॅरी बर्टन यांनी ती हलविण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेतले, आणि म्हणूनच त्या कबरीतील चप्पलजोडीलाही इतिहासात स्थान मिळाले. आपल्याकडे १८७८ च्या गुप्तधन कायद्याने दहा रुपयांवरील सापडलेल्या धनाची वर्दी कलेक्टरास देणे बंधनकारक केले होते; तरीही शेतात लागलेला हंडा आधी सोनाराच्या मुशीत जाण्याचे प्रकार थोडे झाले नाहीत. जोगलटेंभीची मोजदाद होऊन तिचा वृत्तान्त छापला गेला, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणकशास्त्राची एक स्वतंत्र संशोधनसंस्था उभी आहे. नाशिककरांनी तिकडे एकदा तरी वळावे.

नहपानाच्या राज्यात हे धन कसे राबत होते, याचा जमाखर्चही पांडवलेण्यांतच वाचावयास मिळतो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापणे गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. पैकी २,००० दरमहा शेकडा एक दराने. त्यांचे वार्षिक व्याज २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी द्यावयाची, म्हणजे हिशेब पै न् पै जुळतो. उरलेल्या १,००० वर दर पाऊण टक्का. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून फलकावर चढविल्याचेही त्यात नमूद आहे; पक्के दप्तर म्हणतात ते हेच.

गौतमीपुत्राने हा मुलूख जिंकल्यावर, आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी, गोवर्धनाचा अमात्य विष्णुपालित याच्या नावे हुकूम धाडला, की पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात असलेले २०० निवर्तने शेत पांडवलेण्यांच्या त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे. नाण्याप्रमाणे जमिनीवरही नवा ठसा उमटला. मात्र सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजाला व राजमातेला अमात्य श्यामक याच्याकडे दुसरा हुकूम पाठवावा लागला: ते शेत कोणी कसत नाही, गावही ओस पडले आहे, सबब त्याऐवजी नगराच्या शिवेवरील सरकारी शेतातून १०० निवर्तने भिक्षूंच्या नावे करावीत.