घर मागे जोडून अलास्काला

अलास्का हायवे आता जवळजवळ सगळा डांबरी झाला आहे, आणि म्हणूनच ट्रेलर घेऊन निघणारे त्याला हलक्यात घेतात. ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत साधारण २,२३० किलोमीटर. तिथून फेअरबँक्स आणखी दीडशेहून थोडं जास्त. कॅलगरी, व्हँकूव्हर, सिएटलकडच्या मराठी घरांत उन्हाळा आला की हा बेत निघतो, आणि भारतातून आलेले आई-वडील सोबत असले तर ट्रेलरचा विचार आपोआप येतो. गावं विरळ, अंतरं मोठी, जेवण घरचं हवं, दुपारी थांबल्यावर आजोबांना आडवं व्हायला जागा हवी. पलंग, शेगडी, फ्रीज, संडास असं अख्खं घर पिकअपच्या मागे जोडायचं आणि निघायचं. या प्रवासाला जाच, असंच मी म्हणेन. पण ट्रेलरमध्ये सामान भरण्याआधी हा रस्ता असा का आहे, ते समजून घ्यायला हवं.

हा रस्ता घाईत झाला. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर बाँब टाकले, तेव्हा उरलेल्या अमेरिकेतून अलास्काला जायला जमिनीवरून रस्ताच नव्हता. मार्च १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता पलटणी डॉसन क्रीकला उतरू लागल्या. जूनमध्ये जपानने अल्यूशन बेटांपैकी अट्टू आणि किस्का ताब्यात घेतली आणि वरून तगादा आणखी वाढला. दहा हजारांहून जास्त सैनिक या कामावर होते. त्यांतले तिसऱ्या हिश्शाहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि त्या काळच्या अमेरिकी रीतीप्रमाणे त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. त्यातल्याच ९५व्या पलटणीने सिकानी चीफ नदीवरचा लाकडी पूल सुमारे ८४ तासांत उभा केला. २५ ऑक्टोबरला बीव्हर क्रीकजवळच्या जंगलात उत्तरेकडून आलेला कृष्णवर्णीय कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स आणि दक्षिणेकडून आलेला गोरा प्रायव्हेट आल्फ्रेड जालुफ्का, दोघांचे बुलडोझर समोरासमोर आले आणि रस्ता जोडला गेला. २० नोव्हेंबर १९४२ ला क्लुएन सरोवराकाठी सोल्जर्स समिट इथे फीत कापली. सुरुवातीपासून आठ-नऊ महिने. या धांदलीची किंमत तिथल्या मूळ रहिवाशांनीही मोजली. बाहेरून आलेल्या माणसांबरोबर गोवरासारख्या साथी आल्या आणि टेस्लिनसारख्या वस्त्यांना त्यांनी झोडपून काढलं. हा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाने तिथे थांबून त्या माणसांची आठवण काढावी, असं मला वाटतं.

त्या घाईतली एक गोष्ट आजही प्रत्येक ट्रेलरच्या चाकाला जाणवते. युकॉनच्या पश्चिम भागात वरच्या मातीखालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली असते. तिच्यावर शेवाळाचा जाड थर असतो आणि बर्फाच्या लादीवर भुसा टाकतात तसं काम तो करतो, वरची ऊब खाली जाऊ देत नाही. सैनिकांनी नेहमीच्या पद्धतीने बुलडोझर घालून हा थर खरवडला. उन्हाळ्यात खालचं बर्फ वितळलं, रस्त्याचा चिखल झाला, ट्रक रुतले. मग पद्धत बदलली. शेवाळ तसंच ठेवून त्यावर ओंडके आडवे टाकायचे आणि त्यावर भराव घालायचा. पण काळं डांबर ऊन शोषतं, हवामानही तापत चाललं आहे, आणि जमीन आजही कुठे खचते, कुठे फुगते. बीव्हर क्रीकजवळ युकॉन सरकारने संशोधकांना सोबत घेऊन प्रयोगासाठी रस्त्याचा एक तुकडा बांधला. भरावात मोठमोठे दगड घालून गार हवा खेळवायची, पृष्ठभाग फिकट रंगाचा करायचा, असे उपाय तिथे करून पाहिले. तरी डिस्ट्रक्शन बेपासून अमेरिकेच्या हद्दीपर्यंतच्या सुमारे दोनशे किलोमीटरवर डांबराला लाटा येतात. काही जागी कडेला छोट्या झेंड्या रोवलेल्या असतात, काही जागी नसतात.

पिकअप अशा लाटेवरून निभावून जाते. ट्रेलरचं तसं नाही. त्याची चाकं मधोमध, स्प्रिंगचे पाटे साधे, आणि बऱ्याच ट्रेलरना शॉक ॲब्सॉर्बरही नसतात. पुढची गाडी लाटेवरून उतरत असते तेव्हा ट्रेलरचं तोंड खाली ओढलं जातं आणि लगेच चाकं वर उसळतात. नव्वदच्या वेगात हे झालं की नंतर दार उघडून आत पाहावं. फडताळांची दारं सताड उघडी, फ्रीजमधली दह्याची वाटी जमिनीवर, डाळीच्या डब्याचं झाकण एकीकडे आणि डाळ पलंगाखालपर्यंत. त्याहून वाईट असतं ते खाली वाकल्यावर दिसतं. पाट्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट झिजलेले, कधी पाट्यालाच बारीक चीर. एसटीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला पाटा तुटणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तिथे मात्र पुढचं गॅरेज शंभर-दीडशे किलोमीटरवर असतं आणि त्या मापाचा पाटा व्हाइटहॉर्सहून मागवावा लागतो. म्हणून या पट्ट्यात साठ, गरज पडली तर चाळीस. मागे रांग लागली तर बाजूला घेऊन गाड्यांना जाऊ द्यावं.

ट्रेलरचं सगळं गणित वजनाचं आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढे, गाडीला ट्रेलर जोडतात त्या हिचच्या गोळ्यावर पडलं पाहिजे. भरलेला ट्रेलर ३,००० किलोचा असेल तर ३०० ते ४५० किलो. याहून कमी पडलं की ट्रेलर मागून शेपूट हलवू लागतो, समोरून मोठा ट्रक सुसाट गेला की जास्तच. अशा वेळी पाय आपसूक ब्रेककडे जातो, पण गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने नुसते ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. हे निघण्याआधी मोकळ्या रस्त्यावर करून पाहिलेलं असावं.

आपल्याकडचं सामान या गणितात हमखास चुकतं. तांदळाची आणि कणकेची पोती, तेलाचा डबा, कुकर, लोखंडी तवा, सगळं मागच्या फडताळात जातं. पाण्याची टाकीही अनेक ट्रेलरमध्ये चाकांच्या मागे असते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीडशे लिटरची टाकी भरली की मागे दीडशे किलो चढले. जड वस्तू चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. वरच्या कप्प्यात पापड, पोहे, कपडे.

चाकांकडे मात्र रोज लक्ष द्यावं लागतं. ट्रेलरचे टायर नक्षी झिजण्याआधीच म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांचे झाले असतील तर वरून नवे दिसले तरी बदलावेत. हवा सकाळी, टायर गार असताना, कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकी भरायची. हवा कमी असली की टायर तापतो आणि तापला की फुटतो. स्टेपनी एक असतेच, या रस्त्यावर दोन बऱ्या. बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा किंवा सुमारे १९,००० किलोमीटरला बदलायचं असतं, त्यामुळे इतक्या लांब जाऊन यायचं तर ते निघण्याआधीच झालेलं बरं. प्रत्येक थांब्यावर उतरलं की चहाच्या आधी सगळ्या चाकांच्या मधल्या तुंब्याजवळ हात न्यावा. सगळी सारखीच कोमट लागली तर ठीक. एकच जास्त तापलं असेल तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक चिकटलाय, पुढे जायचं नाही. चाकांचे नट पान्ह्याने आवळून पाहणं हेही याच फेरीत.

वाटेत पाहण्यासारखं खूप आहे. फोर्ट नेल्सन सोडलं की चढ लागतो आणि समिट पासला रस्ता सुमारे १,२९५ मीटरवर जातो, हा या हायवेचा सर्वांत उंच भाग. उतरताना आपल्या घाटातलाच नियम पाळायचा, खालचा गिअर टाकायचा आणि ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. पुढे मन्चो सरोवराची हिरवी-निळी किनार, रस्त्यावर मीठ चाटायला येणाऱ्या मेंढ्या आणि लियार्डच्या आसपास गव्यांसारखे दांडगे बायसन. लियार्ड नदीकाठचे गरम पाण्याचे झरे चुकवू नयेत. तिथपर्यंत पहिली लाकडी पायवाट १९४२ मध्ये सैनिकांनीच घातली. वॉटसन लेकला कार्ल लिंडले या सैनिकाने त्याच वर्षी आपल्या डॅनव्हिल गावाची पाटी लावली, आणि आता तिथे जगभरच्या गावांच्या हजारो पाट्यांचं रान आहे.

अस्वलांबद्दल एकच सांगतो. फोडणीचा वास लांब जातो. स्वयंपाक बाहेर केला तर भांडी लगेच घासून आत घ्यावीत, खरकटं अस्वलांना उघडता येत नाही अशा कचरापेटीतच टाकावं, आणि रात्री तेलाची बाटलीसुद्धा बाहेर ठेवू नये. बाकी दोन-तीन नियम. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही, झोपायचंही नाही. हद्दीवर पीठ, बिया, फळं, लोणची जे असेल ते विचारण्याआधीच सांगून टाकावं. भारतीय पासपोर्ट असलेल्या आई-वडिलांना अमेरिकेतून निघून कॅनडामार्गे जायचं असेल, तर कॅनडाचा व्हिसा हवाच आणि अमेरिकेचाही अनेक वेळा प्रवेश देणारा हवा.

फेअरबँक्सला पोचल्यावर पुढचा मोह डाल्टन हायवेचा असतो. तेलवाहिनीसाठी १९७४ मध्ये बांधलेला हा ६६६ किलोमीटरचा रस्ता उत्तरेच्या समुद्रापाशी, डेडहॉर्सपर्यंत जातो. बराचसा खडीचा, मालट्रकांचा, आणि कोल्डफूटनंतर जवळपास ३८६ किलोमीटर पेट्रोल नाही. तिथे घरचा ट्रेलर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो फेअरबँक्सच्या कॅम्पग्राउंडवर ठेवून नुसत्या गाडीने जावं. भाड्याचा ट्रेलर असेल तर प्रश्नच नाही, कारण बहुतेक करारांत अशा रस्त्यांची मनाई लिहिलेली असते. सही करण्याआधी ती यादी वाचावी.

जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ उत्तम. जाणार असाल तर मे महिन्यातच सगळं सामान आणि पाणी भरून ट्रेलर जवळच्या वजनकाट्यावर न्या. चिठ्ठीवरचा आकडा ट्रेलरच्या पाटीवर छापलेल्या मर्यादेच्या आत नसेल, तर आधी सामान कमी करा, मगच तारीख ठरवा.