लिनक्स अर्ध्यावर अडले तर...

विंडोज १० चे नियमित सुरक्षा पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी लागणारी 'टीपीएम २.०' ही सुरक्षा व्यवस्था नसलेले, पण एरवी धडधाकट असणारे अनेक डेस्कटॉप संगणक त्यामुळे अडचणीत आले. अशा संगणकांसाठी लिनक्स हा उत्तम पर्याय आहे. मात्र इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडले, की वैतागलेला वापरकर्ता सर्वप्रथम हार्ड डिस्क पुसून टाकण्याचा विचार करतो. वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि कागदपत्रे गमावली जातात ती याच क्षणी. वास्तविक, काम नेमके कोणत्या टप्प्यावर अडले हे पाहिले, तर कारण बहुधा तेथेच सापडते.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरूच होत नसेल, तर दोष बहुधा पेनड्राइव्हवरील प्रतीत असतो. 'आयएसओ' फाइल नुसती कॉपी करून चालत नाही; ती 'रुफस'सारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर उतरवावी लागते. डाउनलोड पूर्ण झाले आहे का, हे संकेतस्थळावर दिलेल्या 'शा-२५६' या सांकेतिक आकड्याशी ताडून पाहावे. संगणक फार जुना असल्यास तो ६४ बिटचा आहे याचीही खात्री करावी. उबुंटूची डेस्कटॉप आवृत्ती २०१७ मधील १७.१० पासून ३२ बिटसाठी निघत नाही.

मेनू दिसून पडदा काळा पडत असेल, तर संशय ग्राफिक्स कार्डावर घ्यावा. उबुंटूच्या मेनूतील 'सेफ ग्राफिक्स' हा पर्याय अशा वेळी उपयोगी पडतो. इन्स्टॉलेशन दर खेपेस निराळ्याच जागी अडत असेल, तर रॅम सदोष असण्याची शक्यता असते. 'मेमटेस्ट८६+' हा प्रोग्रॅम रात्रभर चालवून ती तपासता येते.

हार्ड डिस्कच दिसत नसेल, तर अनेकदा बायोसमधील 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' ही मांडणी कारणीभूत असते. तेथे 'एएचसीआय' निवडावे लागते. पण पूर्वतयारीविना हा बदल केल्यास विंडोज सुरू होत नाही. त्यासाठी आधी विंडोज 'सेफ मोड'मध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करावी. डिस्कवर बिटलॉकर असल्यास त्याची रिकव्हरी की अगोदरच लिहून ठेवावी. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करावे, अन्यथा विंडोजचे विभाग पूर्णपणे बंद होत नाहीत आणि लिनक्सला ते सुरक्षितपणे हाताळता येत नाहीत.

सर्वांत जास्त घबराट उडते ती शेवटच्या टप्प्यावर. इन्स्टॉलेशन पूर्ण होते, पण संगणक थेट विंडोजमध्ये जातो किंवा पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे उमटतात. विंडोज 'यूईएफआय' पद्धतीने आणि लिनक्स जुन्या 'लेगसी' पद्धतीने बसवले गेले, की असा घोटाळा होतो. येथे बहुधा फाइली सुखरूप असतात. हरवलेली असते ती केवळ त्यांच्याकडे जाणारी वाट. बायोसमधील बूट-क्रम बदलून किंवा पेनड्राइव्हवरून 'बूट-रिपेअर' चालवून ती पुन्हा सापडू शकते.

या साऱ्यावरचा खरा विमा म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी वेगळ्या डिस्कवर घेतलेली फाइलींची प्रत. त्यानंतर लिनक्स काही दिवस पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. ध्वनी, वाय-फाय आणि प्रिंटर नीट चालले, तरच 'इन्स्टॉल'चे बटण दाबावे.