मारियोच्या डायरीतली माणसं

मुंबईत कुलाब्याच्या कॅफे माँडेगारमध्ये गेलात तर भिंतींवरची गर्दी न्याहाळाच. ती व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांनी रेखाटलेली. पण ही माणसं जन्मली कुठे, हे जास्त मजेदार आहे: त्यांच्या डायऱ्यांत!

लहानपणी मारियो घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे, म्हणून आईने हातात वही दिली. तरुणपणी ते डायरी चित्रांतूनच लिहू लागले. गोव्यातल्या त्यांच्या लोटली गावचे पाद्री, लग्नाची वऱ्हाडं, तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) रंगलेली मंडळी, सगळे त्यात हजर. १९४९, १९५० आणि १९५१ च्या डायऱ्या पुस्तकरूपात आल्या आहेत, मिळाल्या तर सोडू नका.

गंमत म्हणजे चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. पदवी इतिहासाची, मुंबईच्या सेंट झेवियर्समधली. सराव झाला तो ओळखीच्या माणसांवर.

पुढे वृत्तपत्रांत आणि मासिकांत गाजलेली पात्रं बघा: सिनेतारका मिस निंबूपाणी, ठिपक्यांच्या फ्रॉकमधली सेक्रेटरी मिस फोन्सेका, पुढारी बंडलदास, कारकून गोडबोले. प्रत्येकाची ओळख एका नजरेत पटते, कारण आधी पवित्रा आणि पोशाख बोलतो, चेहरा नंतर.

आणि ती गर्दीची चित्रं! शाईच्या बारीक रेषांनी कौलं, जाळ्या, कपड्यांवरची नक्षी भरलेली. तरी गर्दीतला प्रत्येक जण आपापल्या उद्योगात, पायाशी एखादा कुत्रा.

तुमचं आवडतं पात्र कोणतं? कमेंटमध्ये सांगा.

#मारियो_मिरांडा #रेखाचित्रं #गोवा