शिडाची होडी आणि उतारवयातील तोल

शिडाच्या होड्यांची शर्यत हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात, आणि तोही नागपूरच्या डॉक्टरने लिहिलेला पाहून आपणांस नवल वाटेल. आपल्या नाग नदीत आज होडी घालण्याजोगे पाणी नाही आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही हा विषय निवडण्यास कारण आहे. सीताबर्डीतील माझ्या दवाखान्यात येणारे अनेक ज्येष्ठ निरनिराळ्या शब्दांत एकच व्यथा सांगतात : "चालताना तोल जातो, म्हणून घरचे बाहेर पडू देत नाहीत." घरच्यांची काळजी खरी असते. परंतु घरात बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल अधिक बिघडतो आणि ज्या पडण्याची भीती होती तेच पडणे जवळ येते. तोल हीच ज्याची किल्ली आहे आणि धोका ओळखूनच जो खेळला जातो, अशा या खेळाकडून ज्येष्ठांनी व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

नदीवरची शर्यत

या शर्यतीच्या होड्या लहान असतात. मुलांची 'ऑप्टिमिस्ट' जेमतेम २.३ मीटर लांब, तर दोघांनी चालवायची 'एंटरप्राइज' सुमारे चार मीटर. एक डोलकाठी, एक किंवा दोन शिडे, मागे सुकाणू आणि तळाशी होडीला बाजूला सरकू न देणारी एक उभी फळी, एवढाच सरंजाम. पाण्यात ठरावीक ठिकाणी तरंगते बोये टाकलेले असतात. त्यांना ठरलेल्या क्रमाने वळसा घालून परतायचे.

वारा पाठीमागून असेल तर काम सोपे. वारा समोरून असेल तर मात्र होडी सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, अशी नागमोडी वाट काढावी लागते. नदीचे पात्र अरुंद, त्यामुळे हे वळणे वारंवार येते. त्यातच काठावरची झाडे वारा अडवतात, मध्यभागी प्रवाहाचा जोर असतो आणि काठालगत पाणी संथ असते. प्रवाहाविरुद्ध जाताना काठाजवळून कधी जावे, झाडांच्या आडोशात न अडकता वळण कोठे घ्यावे, हे दंडाच्या बळापेक्षा अनुभवाने कळते. म्हणूनच जुना गडी तरुणाला मागे टाकतो, असे या खेळात घडू शकते.

निरनिराळ्या जातीच्या होड्या एकत्र धावतात तेव्हा न्यायासाठी एक युक्ती योजलेली असते. प्रत्येक जातीच्या होडीला तिच्या वेगानुसार एक अंक दिलेला असतो आणि लागलेला वेळ त्या अंकाच्या हिशेबाने दुरुस्त करून निकाल लावतात. अर्थात संथ होडीची अपेक्षाच निराळी धरली जाते. उतारवयात आपली तुलना शेजाऱ्याशी किंवा स्वतःच्या तिशीशी करून खिन्न होणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

आपल्या परिसरात

महाराष्ट्रात या खेळाची परंपरा जुनी आहे. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, तर पुण्यात मुळा-मुठेच्या काठी रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ साली स्थापन झाला. खडकवासल्यास मुठा नदीवरील धरणाच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवण्यास शिकतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि तेथे फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले.

नागपूरकरांना त्याहून जवळचे उदाहरण भोपाळचे आहे. तेथील बडा तालाब हा राजा भोजाने कोलांस नदी अडवून बांधल्याचे मानले जाते. त्याच्या काठी आज राष्ट्रीय नौकानयन प्रशाला आहे. याच प्रशालेत शिकलेल्या, देवास जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील नेहा ठाकूर हिने २०२३ साली हांगचौ येथे पार पडलेल्या आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवले. समुद्राचे दर्शन दुर्लभ असलेल्या मध्य भारतातही हा खेळ रुजतो, याची ही साक्ष होय.

वयाची आडकाठी किती?

डेन्मार्कचे पॉल एल्वस्ट्रॉम यांनी १९४८ ते १९६० या काळातील चारही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकली. हेच गृहस्थ १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, आपल्या मुलीसह पुन्हा उतरले होते. अर्जेंटिनाचे सांतियागो लांगे यांच्या फुप्फुसावर कर्करोगामुळे २०१५ साली शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी रिओ येथे चोपन्नाव्या वर्षी त्यांनी सुवर्ण जिंकले. 'लेझर' जातीच्या होड्यांच्या प्रौढांसाठीच्या जागतिक शर्यतींत तर ७५ वर्षांवरील स्पर्धकांचा स्वतंत्र गट असतो. ही माणसे आयुष्यभर पाण्यावर वावरलेली आहेत, हे खरे. त्यांचे अनुकरण करा असे मी सुचवत नाही. वयाचा आकडा एकट्याने निर्णय देत नाही, एवढेच यातून घ्यावे.

पाय अधू असणाऱ्यांसाठी 'हान्सा' नावाची होडी आहे. तीत चालक खाली, पुढे तोंड करून बसतो आणि तळाला जड वजन असल्याने ती सहसा कलंडत नाही.

सुरक्षा म्हणजे मनाई नव्हे

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना मला मुख्यतः येथे काही सांगायचे आहे. होडी उलटणार, हे या खेळात गृहीतच धरलेले असते. म्हणून कोणी होड्या किनाऱ्याला बांधून ठेवत नाही. जीवरक्षक जाकीट अंगात घालतात, बचावाची मोटरबोट जवळ फिरत ठेवतात, वारा फार वाढला तर शर्यत थांबवतात. आणि नवशिक्याला आरंभीच्या धड्यांतच शिकवतात ते उलटलेली होडी पुन्हा सरळ करणे.

आपल्या घरात आपण याच्या उलट करतो. आजोबा एकदा पडले की त्यांचा बाजार बंद, जिना बंद, फुटाळ्याच्या काठावरील फेरफटका बंद. पडल्यावर उठावे कसे, हे मात्र त्यांना कोणीच शिकवत नाही. ते असे शिकवावे : आधी घाई न करता श्वास घ्यावा व कोठे दुखते ते पाहावे. दुखापत नसेल तर कुशीवर वळावे, हात व गुडघे टेकून रांगत भक्कम खुर्चीपाशी जावे, दोन्ही हात बैठकीवर ठेवावेत, अधिक बळकट पाय पुढे रोवावा, हातांनी रेटा देत उठावे आणि वळून खुर्चीवर बसावे. गुडघे व कंबर धड असल्यास हा सराव जाड गादीवर, कोणीतरी जवळ असताना करावा. मात्र खुब्यात तीव्र वेदना, डोक्याला मार, शुद्ध हरपणे किंवा पाय हलवता न येणे यांपैकी काहीही असल्यास उठवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला किरकोळ वाटणारा मारही डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावा.

घरच्या घरी तोलाचा सराव

वाऱ्याच्या झोताने होडी कलली की चालक आपले वजन दुसऱ्या बाजूस नेतो. शरीर सतत कललेले ओळखते आणि सावरते. हे सावरणे सरावाने सुधारते. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व स्नायुबल यांचे व्यायाम सुचवले आहेत. त्यासाठी नदी लागत नाही, स्वयंपाकघराचा ओटा पुरे.

• ओट्याला हात टेकून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग पाय बदलावा. जमू लागले की हाताऐवजी बोटांचाच आधार घ्यावा.

• भिंतीलगत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे लावत दहा पावले चालावे.

• हातांचा आधार शक्य तितका कमी घेत खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठबस करावी.

• खुर्चीत बसून धड सावकाश डावीकडे व उजवीकडे झुकवून मध्यावर आणावे.

सरावाच्या वेळी कोणीतरी हाताच्या अंतरावर असावे. परंतु त्याने धरून ठेवू नये. चक्कर आल्यास थांबावे. रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळवे ही तोल जाण्याची नेहमीची कारणे आहेत; त्यांची तपासणी आधी करून घ्यावी.

प्रत्यक्ष पाण्यावर जायचे असल्यास

सहलीत कोणी होडीत बसण्याचा आग्रह केला तर मोजक्या गोष्टी पाहाव्यात. जीवरक्षक जाकीट अंगाला घट्ट बसलेले असल्याखेरीज पाय ठेवू नये, पोहता येत असले तरीही. शिडाखालचा आडवा दांडा वळणावर वेगाने फिरतो आणि डोक्याला लागतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी शिडाची लहान होडी टाळणेच हिताचे. फिट येणारे, छातीत दुखणारे व चक्करेचा त्रास असणारे यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जाऊ नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखर जवळ बाळगावी. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन तीव्र असते. टोपी, गॉगल व पिण्याचे पाणी विसरू नये. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारची वेळ वर्ज्यच समजावी.

होडी हे औषध नव्हे, आणि मी ती कोणाला लिहून देत नाही. परंतु आपल्या घरातील ज्येष्ठाला उद्या सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचे असेल, तर त्यांना अडवू नका. पायांत घट्ट पादत्राणे, हातात काठी, खिशात फोन आणि चार पावले मागे आपण, एवढी व्यवस्था करा. सुकाणू मात्र त्यांच्याच हाती राहू द्या.