‘नायक’ शब्दाचा अर्थ आणि उगम

नाटक, कादंबरी किंवा चित्रपटातील प्रमुख व्यक्तिरेखेला भारतातील अनेक भाषांमध्ये ‘नायक’ असे म्हणतात. हा शब्द ऐकताच पराक्रमी पुरुषाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. शब्दाच्या मूळ अर्थात मात्र पराक्रमाचा उल्लेख नाही.

संस्कृतमधील ‘नी’, म्हणजे नेणे, या धातूपासून ‘नायक’ हा शब्द तयार झाला. नायक म्हणजे नेणारा. ‘नेता’, ‘नीती’ आणि ‘विनायक’ हे शब्दही याच धातूचे. ‘अभिनय’ शब्दाचे मूळही हेच असल्याचे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. नायक कथा पुढे नेतो, तर अभिनय नाटकाचा अर्थ प्रेक्षकांपर्यंत नेतो.

दहाव्या शतकात माळव्याचा राजा मुंज याच्या आश्रयास असलेल्या धनंजयाने ‘दशरूपक’ हा ग्रंथ रचला. त्यात नायकासाठी ‘नेता’ असाच शब्द योजला असून धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे त्याचे चार प्रकार दिले आहेत. राम धीरोदात्त, तर कलासक्त वत्सराज उदयन धीरललित मानला जातो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील चारुदत्त हा धीरप्रशांत. दानधर्मात संपत्ती गमावलेला हा सज्जन शस्त्र न उचलताही नायक ठरतो. चारही नावांत समान आहे तो ‘धीर’ हा शब्द. स्थिरता हा नायकाचा पाया मानला गेला.

नाटकाचे अंतिम फळ ज्याला मिळते तो नायक, अशीही एक कसोटी शास्त्रकारांनी सांगितली. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात या दोन अर्थांची फारकत होते. नंदांचा निष्ठावान अमात्य राक्षस याला चंद्रगुप्ताच्या बाजूस वळवण्याचा डाव चाणक्य रचतो आणि कथानक अखेरपर्यंत तोच नेतो. राक्षसासारखा मंत्री लाभतो तो मात्र चंद्रगुप्ताला. त्यामुळे या नाटकाचा नायक कोण, याविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत.

रंगभूमीबाहेरही हा शब्द रूढ झाला. दक्षिणेत विजयनगर साम्राज्याचे सरदार नायक म्हणवले जात; मदुराई आणि तंजावर येथे त्यांची राज्ये होती. भारतीय लष्करात ‘नायक’ हे आजही एक पद आहे. १९४८ साली नौशेरा भागातील लढाईत हौतात्म्य पत्करून मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले जदुनाथ सिंह याच पदावर होते.

पडद्यावरील तारा असो, वा तुकडीच्या अग्रभागी असलेला सैनिक, दोघांना एकच नाव देणाऱ्या या शब्दाचा आग्रह एकच आहे : नायकाने इतरांना पुढे न्यावे.