मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

कोल्हापुरात आजही घरोघरी ऐकू येतं, 'मोतीबिंदू अजून पिकला नाही, थंडीत बघू.' पूर्वी अख्खं भिंग बाहेर काढत, तेव्हा पिकेपर्यंत थांबण्याला अर्थ होता. 1967 साली चार्ल्स केलमन यांनी फेको ही शस्त्रक्रियेची पद्धत आणली आणि गणितच बदललं. आता तीनेक मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात; त्याच्याच पिशवीत घडी घातलेलं कृत्रिम भिंग उलगडतं. कडक झालेलं भिंग फोडायला जास्त ऊर्जा लागते, बुबुळाला सूज येऊ शकते. फार पिकलं तर डोळ्याचा दाबही वाढू शकतो.

शस्त्रक्रियागृह निर्जंतुक असतं, त्यामुळे उन्हाळा-पावसाळा आड येत नाही. मधुमेह असला तरी साखर आटोक्यात आणून शस्त्रक्रिया करता येते. खर्चाची चिंता असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. रोजच्या कामात दिसायला अडचण येतेय, एवढं कारण पुरेसं आहे.