हात वर करून दिलेलं मत

निवडणूक ड्युटी केलेल्या माणसाची नजर आधी आडोशाकडे जाते. पुठ्ठ्याचा मतदान कक्ष कुठल्या कोनात ठेवायचा, खिडकीतून कुणाला दिसेल का, यावर आम्ही केंद्रावर तासभर घोळ घातलेला आहे. त्यामुळे रशियातल्या सुरुवातीच्या सोव्हिएत निवडणुकांबद्दल वाचताना माझं लक्ष निकालापेक्षा मतदानाच्या पद्धतीवर खिळलं.

संविधान सभेसाठी मतदान सुरू झालं 12 नोव्हेंबर 1917 रोजी. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे 25 नोव्हेंबर. बोल्शेविकांनी सत्ता घेऊन अडीच आठवडे झाले होते. राजधानी पेत्रोग्राडमध्ये प्रत्येक पक्षाच्या यादीला क्रमांक होता: उदारमतवादी कॅडेट पक्ष 2, बोल्शेविक 4, समाजवादी क्रांतिकारक 9. निरक्षरांचा देश, त्यामुळे प्रचाराचा भर आकड्यावर. भिंतीवरच्या पत्रकांत यादीचा क्रमांक ठसठशीत. मतदाराने आपल्या पक्षाची यादी लिफाफ्यात घालायची आणि लिफाफा पेटीत टाकायचा. स्त्रियांनाही मताचा हक्क होता. राजधानीत बोल्शेविक पहिले आले, पण देशभरात त्यांना जेमतेम चौथा हिस्सा मतं मिळाली. समाजवादी क्रांतिकारक त्यांच्या कितीतरी पुढे होते. 5 जानेवारी 1918 ला सभा भरली, पहाटेपर्यंत चालली आणि पुन्हा कधीच भरू दिली गेली नाही.

लिफाफाही तिच्याबरोबर गेला. जुलै 1918 च्या राज्यघटनेने सत्ता सोव्हिएतांकडे, म्हणजे कामगार-शेतकऱ्यांच्या परिषदांकडे, दिली आणि मतदान बहुतेक ठिकाणी उघड झालं. कारखान्यात पाळी सुटली की सभा भरायची. उमेदवारांची यादी बहुधा पक्षाच्या शाखेने आधीच ठरवलेली. ती वाचून दाखवायची आणि विचारायचं: बाजूने कोण? हात वर. विरोधात कोण? तटस्थ कोण? दुसऱ्या प्रश्नाला हात वर करणारा सगळ्या सभेला दिसे. त्याच्या शेजारी त्याचा मुकादम उभा, समोर शाखेचा सचिव बसलेला. मत मोजायला सोपं, आणि मत देणारा लक्षात ठेवायलाही सोपं.

मतांचं वजनही सारखं नव्हतं. सोव्हिएतांच्या अखिल रशियन काँग्रेससाठी शहरांतून 25,000 मतदारांमागे एक प्रतिनिधी, तर प्रांतांतून 1,25,000 रहिवाशांमागे एक. कामगाराचा आवाज मोठा, शेतकऱ्याचा बारीक. शिवाय नफ्यासाठी मजूर ठेवणारे, खासगी व्यापारी, धर्मगुरू, जुन्या राजवटीचे पोलीस यांना मतच नव्हतं. अशा वंचितांना ‘लिशेनेत्स’ म्हणत. त्यांच्या नावांच्या याद्या जाहीर होत. पुढे 1920 च्या दशकाच्या अखेरीस हा शिक्का बसलेल्याला शिधापत्रिका, घर, मुलांचं उच्च शिक्षण, सगळ्यालाच मुकावं लागे. हक्क परत मिळावा म्हणून लोक अर्जांमागून अर्ज करत. मताचा कागद गेला की भाकरीचा कागदही जाई.

1936 च्या राज्यघटनेने गुप्त आणि समान मतदान परत आणलं. 12 डिसेंबर 1937 ला 96 टक्क्यांहून जास्त मतदारांनी मत दिलं. मतपत्रिकेवर नाव मात्र एकच होतं.

टक्केवारी पाहून भारावून जाण्याआधी प्रत्येक निवडणुकीला एक प्रश्न विचारावा: विरोधात मत देणारा माणूस दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे कामावर जाऊ शकतो का? सोव्हिएत मतदाराला ती शाश्वती नव्हती.